दार उघडं आहे म्हणता, मग हाक कुणाला मारली?



अंक दीड महिना उशिरा निघतोय. कागदवाल्याचे पैसे दोन हप्त्यांत फेडले आणि मधे अठरा दिवस गोदीत काम नव्हतं. जहाज नाही तर पाळी नाही, पाळी नाही तर पगार नाही. कंत्राटी माणसाचं हे गणित तुम्हाला नव्यानं सांगायला नको. माफी मागत नाही, कारण सांगतोय. ज्यांची वर्गणी राहिली असेल त्यांनी लाज न बाळगता पाठवावी.

ह्या खेपेचं संपादकीय वाचनालयावर आहे. काहीजण म्हणतील, वस्तीवर बुलडोझर घिरट्या घालतोय, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि हा पुस्तकाच्या कपाटाचं रडगाणं घेऊन बसलाय. आधी वाचा, मग शिव्या घाला.

आमच्या वस्तीत समाजमंदिराला लागून एक खोली आहे. तीन लोखंडी कपाटं, दोन टेबलं, एक ट्यूबलाइट. सहाशेच्या आसपास पुस्तकं. हेच आमचं वाचनालय. मागच्या पावसाळ्यात कमिटीची मीटिंग झाली. रजिस्टर उघडलं, महिन्यात नऊ सह्या. एकजण उठून म्हणाला, "आता पोरं मोबाईलमधी डोळं फोडत्यात, पुस्तक कोण हातात घेतंय? खोली जिमला द्या. निदान पोरं दंड तरी काढतील." माना हलल्या. ठराव व्हायच्या बेतात होता. मी उभा राह्यलो आणि बोलून गेलो, "तीन महिने द्या. ज्या मोबाईलच्या नावानं बोंब मारताय त्याच मोबाईलवरनं माणसं आणून दाखवतो." बोललो तर खरं. रात्री झोप लागली नाही.

कारण मोबाईलवरनं वाचनालय कसं चालवू नये ते मला पुरतं ठाऊक होतं. कसं चालवावं ते ठाऊक नव्हतं.

झालेली गोष्ट सांगतो. मी दहावी रात्रशाळेतून झालो. पुढं वाचायची भूक होती म्हणून स्टेशनपलीकडच्या एका अनुदानित वाचनालयाचा सभासद झालो. अनामत भरली, वर्गणी भरली. नाव घेत नाही, कारण सवाल त्या एका वाचनालयाचा नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात ही त्यांची वेळ. मी गोदीतून सुटणार रात्री आठला. म्हणजे वर्गणी माझी, पुस्तकं ज्याची संध्याकाळ मोकळी त्याची. तरी खूश होतो, कारण त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, फेसबुकवर पानही होतं. म्हटलं, चला, पाय पोचत नाहीत तर फोन पोचेल.

काय होतं त्या पानावर? शाल. श्रीफळ. हार. अध्यक्षांनी पाहुण्याला दिला, पाहुण्यानं अध्यक्षांना दिला. पंधरा माणसं एका रांगेत दात दाखवतायत. एकाही फोटोत पुस्तक उघडं नाही. ग्रुपवर सकाळी सहाला सुप्रभात, सातला सुविचार, मग देवादिकांचे फोटो, मग वाढदिवस. एके दिवशी मी लिहिलं : बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आहे का? आणि रविवारी वाचनालय उघडं असतं का? निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. चार दिवसांनी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं : हा ग्रुप वाचनसंस्कृतीसाठी आहे, कृपया वैयक्तिक मागण्या करू नयेत. मी विचारलं, वाचनालयाकडे पुस्तक मागणं ही वैयक्तिक मागणी असेल तर सार्वजनिक मागणी कुठली, नारळाची? ॲडमिननं मला काढून टाकलं.

हसू नका. ह्याच्यात अख्खी व्यवस्था दिसते.

दार उघडं आहे असं जाहीर करणं वेगळं आणि माणसाला आत घेणं वेगळं. आपल्याला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. मुंबई कायदेमंडळात बोले ठराव १९२३ साली झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव घेतला. कागदावर तळं उघडं झालं. ओंजळ पाण्याला लागली २० मार्च १९२७ ला, आणि त्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. मधली तीन वर्षं तळं उघडं होतं की बंद? ज्यानं ठराव केला त्याला विचाराल तर उघडं. ज्याच्या घशाला कोरड होती त्याला विचाराल तर बंद.

आजची फेसबुकची पानं आणि इन्स्टाग्रामची खाती हे असेच ठराव आहेत. पान काढलं, फोटो टाकला, अहवालात लिहिलं : "समाजमाध्यमांद्वारे वाचकांपर्यंत पोहोचलो." कुणापर्यंत? जो आधीच आत बसलाय त्याच्यापर्यंत. ह्या कंपन्यांची चाल साधी आहे. ज्याला जे आवडतं तेच त्याच्यापुढं टाकायचं. सत्काराचा फोटो त्याच तीस लोकांना आवडतो, म्हणून तो त्याच तीस लोकांना दिसतो. पान फॉलो करणाऱ्या सगळ्यांना तुमची प्रत्येक गोष्ट दिसते ह्या भ्रमात राहू नका. जास्तीच्या लोकांना दाखवायची तर कंपनी पैसे मागते. म्हणजे जुन्या गावातली वेशीची भिंत फोनमधी पुन्हा उभी. फरक एवढाच की ती दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्या लोकांना वाचायची सवयच नाही. हे ऐकून ऐकून कान किटले. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जा. अनवाणी आलेली म्हातारी पदराची गाठ सोडून पुस्तक विकत घेते. तिला स्वतःला वाचता येत नसलं तरी नातवासाठी घेते. जो समाज आपल्या शोकाच्या दिवशी पुस्तकं खरेदी करतो त्याला वाचनाची सवय नाही असं म्हणणाऱ्याची जीभ अजून कशी झडत नाही? वाचक आहे. तुमची वेळ, तुमची अनामत, तुमची नजर त्याच्यासाठी नाही. त्या स्टॉलवाल्याला विचारा. तो घरी बसून सुप्रभात पाठवत नाही. माणूस जिथं येतो तिथं जाऊन तो बसतो.

हाक मारणं म्हणजे काय ते सांगणारी एक गोष्ट मुंबईतलीच आहे. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी पोरगा रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे मास्तर त्याच बागेत यायचे. त्यांनी त्या पोराला हेरलं. जवळ गेले, चौकशी केली, वाचायला पुस्तकं दिली. पोरगा १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढं शिक्षण अडलं तेव्हा त्याला सयाजीराव गायकवाडांकडं घेऊन गेले. तो पोरगा कोण हे तुम्हाला सांगत नाही. केळुसकर कुठल्या वाचनालयाचे अध्यक्ष म्हणून तिथं गेले नव्हते. त्यांनी फक्त चार गोष्टी केल्या : बघितलं, विचारलं, दिलं आणि पुन्हा विचारलं. फोनवर असो की बागेत, वाचकापर्यंत पोचण्याची ह्याच्यापरतं दुसरं शास्त्र मला माहीत नाही.

त्याच सयाजीरावांनी १९१० साली बडोद्यात अमेरिकेतून बॉर्डन नावाचा जाणता ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयाचं खातं उभं केलं. गावात वाचनालय नसेल तर पुस्तकांची पेटी गावाला जायची. वाचक येत नाही म्हणून कुणी कपाळाला हात लावून बसलं नाही. पेटी उचलली आणि पाठवली. नंतर रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांचं सार आमच्या टोळीच्या भाषेत सांगायचं तर : माल वखारीत सडवायला नसतो, ज्याचा त्याला पोचवायचा असतो आणि घेणाऱ्याला धक्क्यावर ताटकळत ठेवायचं नसतं. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हे पाठ करून पास झालेली माणसं आज साडेसातला कुलूप लावतात.

पैशाचंही बोलू. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यानं ग्रंथालयासाठी उपकर लावला, कर्नाटकात आणि केरळातही उपकर आहे. आपल्या कायद्यात तो नाही. आपल्याकडं संस्थांनी वाचनालयं काढायची आणि सरकारनं अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यायचं. ह्यातही चार वर्ण आहेतच. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ झाली. चांगलं झालं, पण ड वर्गातल्या ग्रंथपालाच्या हातात त्यातलं काय पडतं ते त्यालाच विचारा. त्या माणसावर माझा राग नाही. तुटपुंज्या मानधनात तो झाडू मारतो, रजिस्टर लिहितो, वरनं त्याला सांगतात की आता इन्स्टाग्रामही चालव. त्याचा फोन त्याचा, रिचार्ज त्याचा, शिव्याही त्याच्याच. म्हणून पहिली मागणी सरकारकडं. फोनवरनं वाचकाला उत्तर देणं हे वाचनालयाचं काम आहे, तर त्याचा फोन आणि त्याचा पगार अनुदानात धरा. फुकटात वेठ नको. वेठबिगारी आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ केली.

आता आम्ही काय केलं ते.

पहिला आठवडा आम्ही एकही मेसेज टाकला नाही. आम्ही चौघं घराघरात आणि गोदीच्या गेटवर फिरलो आणि दोनच सवाल विचारले. तुला काय वाचायचंय? तू मोकळा कधी असतोस? एका क्रेनवाल्याला ऑपरेटरच्या परीक्षेचं पुस्तक हवं होतं. टोळीतल्या दोघांना कंत्राटी कामगाराचा प्रॉव्हिडंट फंड कसा तपासायचा ते मराठीत हवं होतं. एका आजीला रमाईची गोष्ट ऐकायची होती, कारण डोळे गेलेत. एक पोरगं म्हणालं, भुताची पुस्तकं. आणि आमचा मुकादम, ज्याच्या तोंडात शिवीशिवाय शब्द नाही, तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मला असं कुणी विचारलंच न्हवतं रे आजवर."

मोकळा कधी, ह्याचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं. रात्री. म्हणून खोली रात्री साडेआठ ते साडेदहा उघडी ठेवली. ही गोष्ट कुठल्याही ॲपशिवाय झाली, आणि निम्मं काम इथंच झालं. ध्यानात ठेवा, कुलपाला व्हॉट्सॲप हा इलाज नाही.

मग फोन. ग्रुप केला असता तर हजारावर माणसं मावतात, पण ग्रुपमधी प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बायका त्याच कारणानं येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अनोळखी नंबरावरनं रात्री अकराला 'हाय' कुणाला पाहिजे? व्हॉट्सॲपचा चॅनल २०२३ साली आला. त्यात बघणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण चॅनलवर माणूस उलट लिहू शकत नाही. नुसतं ऐकून घ्यायचं. ते तर आपण हजारो वर्षं करतोय. म्हणून आम्ही दोन्ही जोडलं : खबर द्यायला चॅनल आणि बोलायला वाचनालयाचा वेगळा नंबर. जुना फोन, नवं सिम, फोन खोलीतच राहणार. कुणा एकाच्या खिशात नाही. आलेल्या मागणीला त्याच रात्री उत्तर. पुस्तक नसेल तर 'नाही' हे उत्तर. 'नाही' ऐकलेला माणूस पुन्हा विचारतो. ज्याला उत्तरच मिळालं नाही तो पुन्हा येत नाही.

रोज एकच गोष्ट टाकायची, एका पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि मिनिटभराचा आवाज. तो आवाज कमिटीच्या माणसाचा नाही, ज्यानं पुस्तक वाचलं त्याचा. अडखळू दे, हेल काढू दे. आमच्या क्रेनवाल्यानं अण्णाभाऊंच्या 'फकिरा'वर जे सांगितलं ते समीक्षकाच्या बापाला सांगता येणार नाही. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला. तो तुकडा तसाच ठेवला. त्या आठवड्यात 'फकिरा'च्या दोन्ही प्रती बाहेर आणि सातजण रांगेत. आवाज का? कारण अक्षर ओळखणं आणि वाचणं ह्यात अंतर आहे, आणि आमची निम्मी वस्ती त्या अंतरात उभी आहे. आवाज तिथपर्यंत पोचतो, अक्षर मागनं येतं.

सुप्रभात बंद. सुविचार बंद. शाल-श्रीफळ बंद.

आणि नुसता फोन नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली २०१९ ते २१ मधी. तिच्यात देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडं स्वतः वापरायचा मोबाईल होता. उरलेल्यांना तुम्ही इन्स्टाग्रामवर शोधणार? रिचार्ज संपला की आमचा बाप्याही महिनाअखेर गायब. म्हणून जे फोनवर तेच खडूनं फळ्यावर, सार्वजनिक नळापाशी. अण्णाभाऊ मुंबईत अक्षरं शिकले ते भिंतीवरच्या पोस्टरांवरनं आणि दुकानांच्या पाट्यांवरनं. भिंत हे आपलं जुनं माध्यम आहे. तिला रिचार्ज लागत नाही.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१८ साली इन्स्टाग्रामवर अख्खी गोष्टच टाकली, चित्रांसकट, एकेक पान पुढं सरकवत वाचायची. सोहळ्याचा फोटो दिला नाही, पुस्तकच दिलं. आपल्याला अडवतंय कोण? लेखकाच्या मरणानंतरची साठ वर्षं संपली की आपल्याकडं लेखनावरचा हक्क संपतो. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेलं त्यांचं स्वतःचं लेखन १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं झालंय. जोतिबांची 'गुलामगिरी' १८७३ ची, ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ चं. ही तर कधीचीच खुली आहेत. रोज एक पान वाचून टाका. कुणाच्या बापाची परवानगी नको. अनुवादावर मात्र अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, तो बघा. अण्णाभाऊ १९६९ ला गेले, त्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत वारसांचं. आणि हयात कवीची पुस्तकं स्कॅन करून ग्रुपवर फेकू नका. दोनशे रुपयांचं पुस्तक, त्यातले वीस त्याला मिळणार, ते तरी मिळू द्या. आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देऊन वाचनचळवळ होत नाही.

आता चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे संपादकीय खोटं ठरेल.

वस्तीत लग्न होऊन आलेली एक पोरगी. नववीत शाळा सुटलेली. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलं होतं. घरात सांगितलं नव्हतं. आमच्याकडनं दहावीची पुस्तकं न्यायला आली. मला एवढा आनंद झाला की मी फोटो काढला आणि टाकला. खाली लिहिलं, "शिक्षणाची मशाल." संध्याकाळपर्यंत सासूच्या फोनवर. त्या घरात काय झालं ते लिहीत नाही. पोरगी पुन्हा खोलीवर आली नाही.

मशाल मी पेटवली आणि चटका तिला बसला. तिला विचारलं होतं का मी? नाही. सत्काराच्या फोटोंना नावं ठेवणारा मीच, आणि मलाही फोटोच हवा होता. तीन महिने मागितले होते ना, काहीतरी दाखवायचं होतं ना. तेव्हा कळलं, कोण काय वाचतो हे गुपित सांभाळणं हेही वाचनालयाचं काम आहे, कपाटाच्या किल्लीएवढंच. त्या रात्री फोटो काढून टाकला, पण फोनवरनं सुटलेली गोष्ट परत येत नाही. पंधरा दिवसांनी भाजी विकणाऱ्या मावशी आल्या. म्हणाल्या, "ती पोर इचारतीय, बीजगणिताचं गाईड हाय का. आन् फोटू काढायचा न्हाई म्हणं." मावशीच्या पिशवीतनं मेथीच्या जुडीखाली गाईड गेलं. अजून तिच्याकडंच आहे. परत मागणार नाही.

म्हणून निवडणूक तोंडावर आली आणि एका पक्षाचा कार्यकर्ता गोड बोलत आला, "नंबरांची यादी द्या, वाचनालयाला वीस खुर्च्या देतो," तेव्हा आमचा हात थरथरला नाही. खुर्च्या कुणाला नकोत? पण लोकांनी नंबर पुस्तकासाठी दिलाय, मतासाठी नाही. यादी दिली नाही. आम्ही अजून सतरंजीवर बसतो.

तीन महिने संपले. तिसऱ्या महिन्यात रजिस्टरात चौसष्ट सह्या. क्रांती नाही झाली, उगाच ढोल वाजवू नका. त्यातली निम्मी पोरं नुसती अभ्यासाला टेबल मिळतं म्हणून येतात. येऊ देत, टेबल हीही भूक आहे. पाच पुस्तकं परत आली नाहीत. चॅनल बघणारे तीनशेच्या वर, पण खोलीत येणारे त्याच्या पाव. मी ह्या दोन आकड्यांतला दुसराच धरतो. कमिटीत पुन्हा मतं पडली. एका मतानं खोली वाचली, सहा महिन्यांसाठी. ते एक मत मुकादमाचं.

तेव्हा अनुदानित, विनाअनुदानित, अ ते ड, सगळ्या वाचनालयांना आमचं जाहीर सांगणं आहे. पानावरचे सत्कार उतरवा आणि पुस्तकं चढवा. वेळ कामगाराच्या पाळीप्रमाणं बदला आणि ती वेळ रोज कळवा. मागणीला त्या दिवशी उत्तर द्या. वाचकाच्या परवानगीशिवाय त्याचा फोटो, नाव, नंबर कुठंही टाकू नका. अनामत कमी करा, रात्रशाळेच्या पोराला माफ करा. आणि कुणी बागुल मागितला, दया पवार मागितला, शांताबाई कांबळे मागितल्या तर त्याला ग्रुपमधून काढू नका, पुस्तक आणा. वाचनसंस्कृती म्हणतात ती हीच.

आपल्या पोरांनाही सांगणं आहे. तुमच्या भागातल्या वाचनालयाच्या पानावर जा आणि रोज एक पुस्तक मागा. सभ्य भाषेत मागा, पण मागत राहा. उत्तर आलं तर सभासद व्हा. नाही आलं तर दहाजण मिळून प्रत्यक्ष दारात जा. रजिस्टर मागा, तक्रारवही मागा, वेळ विचारा. ठरावाचं तळं ओंजळ बुडवल्याशिवाय खरं होत नाही.

शेवटी गोदीचं एक. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परत आले. त्यांची पुस्तकं मागनं वेगळ्या बोटीनं येत होती. महायुद्धात ती बोट पाणबुडीनं बुडवली. पोटाला चिमटा घेऊन परदेशात जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली आणि भरपाई मिळाली सहाशे रुपये. धक्क्यावर पेटी उचलताना मला कधी कधी त्या पेट्या आठवतात. त्यांनी पुन्हा पुस्तकं जमवली, एवढी की राजगृह त्यांच्यासाठी बांधलं. समुद्रात बुडलेलं एकवेळ समजू शकतो. पण कपाटात कुलूप लावून, शाल पांघरून, सुप्रभात म्हणत बुडवलेल्या पुस्तकांची भरपाई कोण देणार?

आमची खोली रात्री साडेआठला उघडते. पुढचा अंक वेळेवर काढू, जहाजं आली तर.

जयभीम.